वाल्याचा रांजण आणि आदामाचं पाप

वाल्या कोळी वाटसरूला मारायचा आणि रांजणात एक खडा टाकायचा. सात रांजण भरले तेव्हा नारद भेटले. त्यांच्या सांगण्यावरून वाल्याने घरी जाऊन विचारलं, या पापात तुम्ही वाटेकरी का? बायकोमुलांनी कानावर हात ठेवले. मराठी मनातलं पाप साधारण असं असतं. ते मोजता येतं, ज्याचं त्याच्या नावावर चढतं आणि कधी ना कधी फेडावं लागतं. पापाचा घडा भरतो तो त्यामुळेच.

मराठी बायबलातही शब्द हाच आहे, आणि घोळ इथे होतो. ख्रिस्ती मित्राबरोबर उपासनेला गेलेला पाहुणा ‘आम्ही सर्व पापी आहोत’ हे ऐकून चपापतो. शेजारच्या बाकावरच्या निवृत्त मास्तरांनी असं काय केलं असेल बुवा? बहुधा काहीच नाही. तिथे गोष्ट खड्यांची नाहीच, खडा टाकणाऱ्या हाताची आहे. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये पापाला ‘हामार्तिया’ म्हटलंय. नेम चुकणं हा त्याचा जुना अर्थ. येशूचा प्रेषित पौल रोमकरांस लिहितो की जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही, आणि नको तेच घडतं. म्हणजे एखादं कृत्य होण्याआधीच माणसात काहीतरी बिघडलेलं आहे. उत्तर आफ्रिकेतल्या बिशप ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला यातून मूळ पापाचा सिद्धांत पक्का केला: देवाची आज्ञा मोडणारा पहिला माणूस आदाम, त्याच्या पापात सगळे जन्मतःच वाटेकरी. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या मात्र आदामाचा दोष वारशाने येतो असं मानत नाहीत, मरण येतं असं मानतात.

अर्थात सीमारेषा इतकी सरळही नाही. बायबलातला संदेष्टा यहेज्केल ठणकावतो की बापाच्या पापाचा भार मुलावर नाही. वाल्याच्या घरच्यांना हे लगेच पटलं असतं. उलट आपल्या संतांनी स्वतःला ‘पतित’ म्हणवून घेतलं, ते काही रांजण मोजून नव्हे. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेलो असं सांगत, त्यात हा धागा असावा असं मला वाटतं.

फरक खरा बोचतो तो बायकांच्या बाबतीत. नवरा वारला की दोष बायकोच्या पूर्वजन्मीच्या पापाला. सात-आठ वर्षांच्या मुलीलाही हेच ऐकवलं जाई. विधवापण ही गतजन्मीच्या अपराधाची शिक्षा समजली जाते, हे पंडिता रमाबाईंनी 1887 च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात परदेशी वाचकांपुढे मांडलं. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. केशवपन झालेल्या पोरीसाठी हे उत्तर काय मोलाचं असेल ते सांगायला नको.

पण म्हणून चर्चमध्ये बाई सुटली असं समजू नये. पौल दोष आदामावर ठेवतो, तरी तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात फसली ती आदामाची बायको हव्वा. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन तर सरसकट बायकांना सैतानाचं दार म्हणून मोकळा झाला. 1847 मध्ये एडिंबरोच्या डॉक्टर जेम्स सिम्पसनने बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला, तेव्हा धर्माच्या नावाने आक्षेप आले: ‘क्लेशाने लेकरे प्रसवशील’ असं देवानेच सांगितलंय ना! सिम्पसनही बायबल उघडून बसला. आदामाची फासळी काढताना देवाने आधी त्याला गाढ झोप आणली होती, हे त्याने दाखवून दिलं.

बाळंतपणाच्या क्लेशांच्या त्याच वचनात पुढे नवऱ्याबद्दल आहे, ‘तो तुझ्यावर स्वामित्व चालवील.’ ही आज्ञा की पापाने झालेल्या पडझडीचं वर्णन? वाद अजून चालू आहे. नवऱ्याचं मस्तकपण, म्हणजे घरातलं प्रमुखपण, पापाआधीच्या निर्मितीतच आहे, पापाने ते फक्त नासवलं, असं एक गट मानतो. दुसरा म्हणतो, वर्चस्व हाच पापाचा परिणाम, मग ते जपायचं कशाला? मला दुसरं वाचन अधिक पटतं. आजार सांगणाऱ्या ओळीला औषधाची चिठ्ठी समजण्यात अर्थ नाही. रमाबाईंना हे प्रत्यक्ष भोगावं लागलं. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याला बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी ती मुकाट्याने मान्य केली नाही.

आजाराची कल्पना मान्य केली की पुढचा प्रश्न येतो: कायदे, बाजार, वस्त्या यांनाही तो जडतो का? 1968 साली कोलंबियातल्या मेडेलिनला जमलेल्या लॅटिन अमेरिकेच्या बिशपांनी अन्यायाच्या रचनेकडे बोट दाखवलं. पोप दुसरे जॉन पॉल यांना ते जरा जपूनच हवं होतं. सामाजिक पाप म्हणजे अनेकांच्या वैयक्तिक पापांचा साठा, असं त्यांनी 1984 मध्ये लिहिलं. 1987 च्या पत्रात मात्र ‘पापाच्या संरचना’ हा शब्दप्रयोग त्यांनीच वापरला. आपल्याकडे भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने 2016 च्या डिसेंबरात दलित सक्षमीकरणाचं धोरण काढलं, आणि चर्चमध्येही जातिभेद चालतो हे त्यात कबूल केलं.

दक्षिण आफ्रिकेत डच रिफॉर्म्ड चर्चने वर्णभेदाला बायबलाचा आधार पुरवला होता. 1990 च्या नोव्हेंबरात रुस्टेनबर्गच्या परिषदेत त्या चर्चचे धर्मपंडित विली योंकर उभे राहिले. त्यांनी आधी स्वतःचं पाप कबूल केलं, मग आपल्या चर्चच्या आणि सगळ्या आफ्रिकानेर, म्हणजे मुख्यतः डच वंशाच्या गोऱ्या, समाजाच्या वतीनेही. कृष्णवर्णीय आर्चबिशप डेस्मंड टुटूंनी तिथल्या तिथे क्षमा दिली. घरी परतल्यावर मात्र योंकरना स्वकीयांचा रोष सोसावा लागला. आमच्या नावाने कबुली द्यायचा यांना काय अधिकार, असं त्या लोकांचं म्हणणं होतं. सात रांजण भरून घरी आलेल्या वाल्यालाही बायकोमुलांकडून हेच ऐकावं लागलं होतं.