ईआर ते केआय-६७ : रिपोर्टातल्या चार नोंदी कुठून आल्या

स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीच्या रिपोर्टात आज ईआर (इस्ट्रोजेन ग्राहक), पीआर (प्रोजेस्टेरॉन ग्राहक), हर-टू आणि बऱ्याचदा केआय-६७ अशा चार प्रथिनांची नोंद असते. हार्मोनवरचा उपचार मात्र या तपासण्यांच्या कितीतरी आधीचा. १८९६ मध्ये ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी, रोग बळावलेल्या स्त्रियांचे अंडाशय काढल्यावर गाठी आक्रसल्याचे प्रसिद्ध केले. अंडाशयात तयार होणाऱ्या इस्ट्रोजेन या हार्मोनचा शोध तेव्हा लागायचाच होता. इतरांनीही ही शस्त्रक्रिया करून पाहिली, पण गुण यायचा तो साधारण तिघींपैकी एकीला. ती कोण, हे आधी कळायला मार्ग नव्हता; उरलेल्या दोघी शस्त्रक्रिया सोसायच्या, तीही व्यर्थ.

उलगडा व्हायला साठेक वर्षे गेली. शिकागोत एलवुड जेन्सन यांनी किरणोत्सारी इस्ट्रोजेन उंदरांना टोचून त्याचा माग काढला. गर्भाशयासारख्या ठरावीक अवयवांतच ते टिकून राहत होते, कारण तिथे त्याला धरून ठेवणारे प्रथिन होते : ईआर. ज्या गाठीत ते नाही, तिथे हार्मोन तोडून सहसा उपयोग नाही. गर्भनिरोधक म्हणून शोधलेले आणि त्या कामी निकामी ठरलेले टॅमॉक्सिफेन हे ईआरला अडवणारे औषध १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये कर्करोगासाठी मंजूर झाले आणि या तपासणीचे मोल वाढले. तरी ईआर असूनही काहींना गुण येईना. १९७५ मध्ये कॅथरिन हॉरविट्झ आणि विल्यम मॅकग्वायर यांनी पीआरकडे बोट दाखवले. पीआर तयार होते ते ईआरच्या हुकमावरून. म्हणजे पीआर सापडले तर ईआर नुसते हजर नाही, कामावरही आहे. मला या इतिहासातला हा सर्वांत देखणा तर्क वाटतो.

पुढच्या दोन प्रथिनांनी प्रश्नच बदलला : औषध लागू पडेल का, याऐवजी ते घेऊनही रोग उलटेल का? पेशी किती वेगाने वाढताहेत हे सांगणारे केआय-६७ १९८३ मध्ये जर्मनीत हाती लागले. पेशींना वाढीचा इशारा देणाऱ्या हर-टूचा वाईट परिणामांशी संबंध डेनिस स्लॅमन यांनी १९८७ मध्ये दाखवला. २०११ मध्ये चारही प्रथिनांचा मिळून, रोग उलटण्याचा धोका सांगणारा एक गुणांक मांडला गेला. केआय-६७ची मोजणी मात्र प्रयोगशाळेगणिक बदलते. ५ टक्क्यांपर्यंत किंवा ३० टक्के वा त्याहून वर असेल तरच आकडा भरवशाचा, असे तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये सांगितले.

ब्रिटनच्या 'पोएटिक' चाचणीत पाळी गेलेल्या स्त्रियांना शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे हार्मोनविरोधी गोळ्या देऊन केआय-६७ पुन्हा मोजले गेले. हर-टू नसलेल्या गाठींत, ते आधीपासून कमी असलेल्यांपैकी ४.३ टक्के जणींचा रोग पाच वर्षांत उलटला. गोळ्यांनी खाली आलेल्यांत हे प्रमाण ८.४ टक्के, आणि चढेच राहिलेल्यांत २१.५ टक्के.