ढगाने गिळलेली पलटण

पहिल्या महायुद्धात, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या रणांगणावर 1915 च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिशांची अख्खी नॉरफोक पलटण एका विचित्र ढगात शिरली, ढग वर उचलला गेला आणि माणसं गायब! उडत्या तबकड्यांच्या गप्पांत हा किस्सा हमखास निघतो.

यातल्या ढगाला आधार एकच : न्यूझीलंडच्या काही माजी सैनिकांनी 1965 मध्ये, म्हणजे तब्बल 50 वर्षांनी, दिलेलं निवेदन. त्यात तारीख आहे 21 ऑगस्ट, जागा हिल 60 नावाची टेकडी आणि पलटण नॉरफोक रेजिमेंटची चौथी. ही चौथी पलटण कुठेही गायब झाली नव्हती. मोठी हानी झाली ती पाचवीची. तीही 12 ऑगस्टला, गॅलिपोलीतल्याच सुव्हलाच्या मैदानात. हां, 21 तारखेला तिथे खरोखरच दाट धुकं होतं, त्याची सरकारी नोंद आहे. म्हणजे दोन वेगळे दिवस आठवणीत एकमेकांना चिकटले असावेत.

मग पाचवीचं काय झालं? कर्नल प्रॉक्टर-बोशांप यांच्यासह सुमारे 250 जण शत्रूला रेटत फार पुढे गेले आणि परतलेच नाहीत. सेनापती हॅमिल्टन यांनी आपल्या अहवालात जवळपास असंच लिहिलं, आणि गूढ तिथूनच सुरू झालं. पलटणीतले बाकीचे बरेच जण मात्र मागे परतले होते, हे किस्सा सांगणारे विसरतात.

1919 मध्ये कबरी शोधणाऱ्या पथकाला तुर्की फळीच्या मागे 180 मृतदेह सापडले. त्यातले 122 जण खांद्यावरच्या बिल्ल्यांवरून नॉरफोकचे ठरले.