बोर्डिंग म्हणजे प्रवास नव्हे: शहरी वाहतुकीच्या डेटावर पीएचडी करणाऱ्यांसाठी

दरवर्षी पीएचडीची नवीन मुलं येतात. पायथन येत असतं, जीआयएस येत असतं, मेहनतीची तयारी असते, आणि पहिल्याच प्रेझेंटेशनमध्ये स्लाइडवर लिहिलेलं असतं "रोज इतके लाख प्रवास". मी विचारते, प्रवास की बोर्डिंग? उत्तर येतं, मॅडम सेमच ना ते. सेम नाहीये. हा एकच घोळ मी प्रबंधांत, रिव्ह्यूला आलेल्या पेपरांत, पेपरातल्या बातम्यांत इतक्या वेळा बघितलाय की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकते, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

बोर्डिंग तुम्हाला माहितीये, त्यावर वेळ घालवत नाही. एक माणूस एका गाडीत एकदा चढला की एक बोर्डिंग, बस बदलली की दुसरं. अमेरिकेत नॅशनल ट्रान्झिट डेटाबेसला वाहतूक एजन्सी (बस-मेट्रो चालवणाऱ्या संस्था) जो आकडा देतात त्याचं नावच अनलिंक्ड पॅसेंजर ट्रिप्स आहे, म्हणजे न जोडलेल्या. त्यांनी नावातच सांगून ठेवलंय की बाबांनो हे तुकडे आहेत, आणि आपण तो आकडा उचलून खाली "प्रवाशांची संख्या" असं लिहितो.

प्रवास म्हणजे घरातून निघून जिथे काम आहे तिथे पोचेपर्यंतचं सगळं. मधे दोन गाड्या बदला नाहीतर चार, प्रवास एकच.

अजून एक छोटा घोळ आधी उरकते. बस-ट्रेनच्या वेळापत्रकांचा डेटा ज्यात ठेवतात त्या जीटीएफएस फॉरमॅटमध्ये ट्रिप्स नावाची फाइल असते, त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे गाडीची फेरी. माणसाशी त्या ओळीचा काही संबंध नाही. हा फॉरमॅट २००५ मध्ये पोर्टलंडच्या ट्रायमेट या वाहतूक संस्थेने गूगलबरोबर सुरू केला आणि तो मुळातच वेळापत्रकासाठी आहे, किती लोक बसले हे त्यात शोधू नका. इंग्रजीत ट्रिप हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो म्हणून गडबड होते, आपल्याकडे डेपोतला कुठलाही कंडक्टर फेरी आणि प्रवास यात कधी गोंधळत नाही. म्हणून मी मुलांना सांगते की कोड इंग्रजीत लिहा पण व्हेरिएबल ठरवताना मराठीत विचार करा. (आणि हो, त्या फॉरमॅटमध्ये २५:१०:०० अशी वेळ दिसली तर ती चूक नाही, मध्यरात्रीनंतरची फेरी आहे, डिलीट करू नका.)

आता खरा मुद्दा. पुण्याचं उदाहरण घेते. कात्रजला राहणारी एक बाई कामाला वनाझला जाते. समजा ती आधी कोथरूड डेपोची थेट बस पकडायची. २९ सप्टेंबर २०२४ ला मेट्रो स्वारगेटपर्यंत आली, आता ती कात्रजहून बसने स्वारगेट, तिथून पर्पल लाइनने सिव्हिल कोर्ट, तिथे उतरून ॲक्वा लाइनने वनाझ अशी जाते. बाई तीच, काम तेच, प्रवास एकच. बोर्डिंग मात्र एकाची तीन झाली. आता हे हजारो बायका-पुरुषांच्या बाबतीत झालं आणि तुम्ही बोर्डिंगचा ग्राफ काढला तर रेष झपकन वर जाणार, आणि तुम्ही लिहिणार की सार्वजनिक वाहतुकीचा वापर वाढला. कदाचित वाढलाही असेल, मी नाही म्हणत नाही, पण या ग्राफवरून ते कळत नाही. थेट बस बंद करून फीडर (मुख्य मार्गापर्यंत आणून सोडणाऱ्या गाड्या) आणि ट्रंक (मुख्य मार्गावरच्या गाड्या) असं नेटवर्क केलं की जगातल्या कुठल्याही शहरात बोर्डिंग वाढू शकतात, एकही नवा प्रवासी न मिळवता. उलट थांबून थांबून कंटाळलेल्या काही लोकांनी स्कूटी घेतली असेल, तरी एकूण बोर्डिंग वाढलेलीच दिसू शकतात.

याच उदाहरणात अजून एक गोष्ट बघा. बाई तीन वेळा गाडीत चढली, पण डेटात काय उमटलं? बसचं एक तिकीट, स्वारगेटला मेट्रोत आत गेल्याची एक नोंद, वनाझला बाहेर पडल्याची एक नोंद. सिव्हिल कोर्टला गाडी बदलली त्याचा मागमूस नाही, कारण स्टेशनच्या आतल्या आत बदलताना गेट लागत नाही. म्हणजे बसमधून बसमध्ये बदललं तर दोन मोजले जाणार आणि मेट्रोतून मेट्रोत बदललं तर एकच. लंडनमध्ये काही जंक्शनांवर यासाठी गुलाबी कार्ड रीडर बसवलेत, तिथे मधेच कार्ड लावलं की माणूस कुठल्या मार्गाने गेला ते कळतं. तेव्हा टॅप (म्हणजे कार्ड लावल्याची नोंद), बोर्डिंग आणि प्रवास या तीन वेगळ्या गोष्टी झाल्या, आणि तुमच्या हातात पहिली आहे, पेपरात छापायची आहे तिसरी.

मग मुलं म्हणतात, ठीक आहे, टॅप जोडून प्रवास काढू. एका कार्डाचे दोन टॅप तीस मिनिटांच्या आत असले की ट्रान्सफर, म्हणजे त्याच प्रवासात गाडी बदलली, जास्त असले की नवीन प्रवास. इथे मला खरंच राग येतो. तीस मिनिटंच का? कुठल्या तरी पेपरात होतं म्हणून. त्या शहरात बस किती मिनिटांनी येते, तुमच्या शहरात किती मिनिटांनी येते, हे कुणी बघितलं? उपनगरात तासाला एक बस असेल तर थांब्यावर पन्नास मिनिटं ताटकळलेला माणूस तुमच्या हिशोबात कामाला पोचून दुसऱ्या प्रवासाला निघालेला असतो. आणि याच्या उलट, मुलीला शाळेत सोडून दहा मिनिटांत पुढची बस पकडणारी आई तुमच्या हिशोबात फक्त बस बदलणारी प्रवासी असते. तिचं शाळेत सोडणं तुम्ही पुसून टाकलंत. एका माणसाचा एक प्रवास दोन केलात आणि एका बाईचे दोन प्रवास एक केलेत, आणि एकूण बेरीज बरोबर आली म्हणून खूश झालात.

प्रश्न मिनिटांचा नाहीच आहे. दोन टॅपच्या मधल्या वेळात तो माणूस गाडीची वाट बघत होता की काहीतरी काम करत होता, हा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर कार्डाच्या डेटात नसतं, ते गाड्यांच्या डेटात असतं. ज्या थांब्यावरून तो पुढे चढला तिथे तो पोचल्यापासून त्या रूटच्या किती गाड्या येऊन गेल्या ते जीपीएसच्या नोंदीत बघा. पहिलीच गाडी पकडली असेल तर पन्नास मिनिटं झाली तरी बहुतेक ट्रान्सफर. तीन गाड्या सोडून चौथी पकडली असेल तर वीस मिनिटांतसुद्धा काहीतरी काम केलंय, आधी गर्दीमुळे चढताच आलं नाही का तेवढं तपासा. दुसरं, दिशा बघा. दुसऱ्या बसने तो जिथून निघाला तिकडेच परत गेला तर ती ट्रान्सफर कशी असेल? सरळ जाऊन काम करून परत आलाय. तिसरं, उतरला कुठे आणि चढला कुठे, मधलं अंतर चालण्यासारखं आहे का. हे तिन्ही करायला वेळ लागतो, दोन वेगळे डेटा जुळवावे लागतात, घड्याळं जुळत नाहीत, हे सगळं मला माहितीये, पण पीएचडी त्यासाठीच तर आहे.

आणि तिकिटाच्या नियमावर तर अजिबात विसंबू नका. लंडनमध्ये सप्टेंबर २०१६ पासून हॉपर भाडं आहे, पहिल्या टॅपपासून तासाभरात दुसरी बस फुकट, जानेवारी २०१८ पासून तासाभरात कितीही बस. लोक काय करतात, दुकानात जाऊन सामान घेऊन तासाच्या आत परत येतात, एका भाड्यात. भाड्याच्या हिशोबाने ते एकच, आणि प्रत्यक्षात जाण्याचा एक आणि येण्याचा एक असे दोन प्रवास. न्यूयॉर्कमध्ये सबवे ते बस ट्रान्सफरला दोन तास मिळतात, तिथेही तेच. तिकीट खात्याची ट्रान्सफर वेगळी आणि माणसाची ट्रान्सफर वेगळी.

बरं, लंडनच्या बसमध्ये चढतानाच कार्ड लावायचं असतं, उतरताना नाही. न्यूयॉर्कच्या सबवेतही आत जातानाच. मग उतरला कुठे? यावर न्यूयॉर्कच्या मेट्रोकार्डवर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामापासून दोन गृहीतकं वापरतात: माणूस पुढच्या वेळी जिथून चढतो तिथेच आधी उतरला असणार, आणि दिवसाचा शेवटचा प्रवास जिथून सकाळी सुरुवात केली तिथे संपणार. चांगली गृहीतकं आहेत, मीही शिकवते. पण आपल्याकडे संध्याकाळी माणूस ऑफिसातल्या मित्राच्या गाडीवर मागे बसून घरी येतो, शेअर रिक्षाने येतो. त्याचा दिवसभरात एकच टॅप. अशा लोकांचं उतरण्याचं ठिकाण काढता येत नाही म्हणून त्यांना टेबलातून सरळ उडवतात आणि उरलेल्यांवर निष्कर्ष लिहितात. उडवलेले लोक कोण होते हे एका परिच्छेदात तरी लिहा हो. ते कुणीही असेतसे नसतात, ज्यांच्याकडे रात्री परतायला बस नाही असे बरेचजण त्यात असतात.

आपल्याकडे तर अजून कार्ड हेच सगळीकडे नाही. तिकीट मशीनचा डेटा मिळाला तर आनंद होतो, होऊ दे, पण आधी एकदा गर्दीच्या बसमध्ये कंडक्टरच्या शेजारी उभं राहून बघा. माणूस मागून चढतो, कंडक्टर त्याच्यापर्यंत दोन थांबे गेल्यावर पोचतो. मशीनमध्ये टप्पा टाकतो, थांबा नाही, आणि एका टप्प्यात दोन-तीन थांबे असू शकतात. "तीन स्वारगेट" म्हटलं की तिघांचं एक तिकीट फाडतो, ओळ एक आणि माणसं तीन. आणि पासवाला नुसता पास दाखवतो, कंडक्टर मान हलवतो, कुठेही काही उमटत नाही. म्हणजे जे लोक सगळ्यात नियमित प्रवास करतात तेच तुमच्या डेटात सगळ्यात कमी दिसतात. मुंबईच्या लोकलचं तेच, सीझन पासवर चढणारा माणूस कुठल्याच गेटला टॅप करत नाही.

मोफत प्रवासाच्या योजनांचे आकडेही असेच वाचले जातात. दिल्लीत २९ ऑक्टोबर २०१९ ला बायकांना बसमध्ये गुलाबी तिकीट सुरू झालं, कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेचं शून्य रुपयांचं तिकीट. योजना चांगल्याच आहेत, माझा त्यांना पाठिंबा आहे. पण "इतक्या कोटी महिलांनी प्रवास केला" असं वाचलं की समजून घ्या, ती फाडलेली तिकिटं आहेत. जाताना दोन आणि येताना दोन बस घेऊन कामाला जाणारी एकटी बाई दिवसाला चार तिकिटं घेते. कागदी तिकीट तिकिटाला जोडता येत नाही, त्यामुळे त्या आकड्यातून बायका किती आणि प्रवास किती हे काढायचा मार्गच नाही, सर्व्हे करावा लागतो. ज्यांना सर्व्हे जुनाट वाटतो त्यांच्याशी माझं कधीच पटलेलं नाही.

म्हणून माझ्याकडे पहिले दोन आठवडे लॅपटॉप बंद. पहिल्या आठवड्यात स्वतःची प्रवास डायरी लिहायची: कधी निघालो, कशासाठी, काय काय बदललं, किती थांबलो. सोबत घरातल्या अजून एका माणसाची, शक्यतो आईची किंवा आजीची. मग आपापली तिकिटं, मेट्रोच्या नोंदी, यूपीआयचे मेसेज समोर ठेवायचे आणि फक्त त्यावरून डायरी परत उभी करून बघायची. एका मुलीच्या आईच्या डायरीत सकाळी भाजी, मग बँक, मग बहिणीकडे आणि परत, असं सगळं होतं, आणि हातात काय तर डेली पासचा एक कागद. एक ओळ. त्या मुलीने नंतर कधी मला "सेमच ना" म्हटलं नाही. दुसऱ्या आठवड्यात स्वारगेटला दोन तास उभं राहून मोजणी, उतरणारा माणूस पुढच्या गाडीसाठी थांबला की बाहेर गेला. डोळ्यासमोर असूनही ठरवता येत नाही अशी माणसं दर वेळी निघतात, आणि ती वहीत तशीच "कळलं नाही" म्हणून लिहायची. हीट मॅप (आकडा जास्त तिथे गडद रंग असा नकाशा) वगैरे त्यानंतर, आणि खरं सांगू का, बोर्डिंगचा हीट मॅप काढून त्याला मागणीचा नकाशा म्हणणं हे मला आजही सहन होत नाही. जिथे बसच जात नाही तिथे बोर्डिंग शून्यच असणार.

एक शेवटचं, आणि हे विषय नक्की करायच्या आधी करा. एजन्सी डेटा देताना कार्ड नंबर बदलून देतात, आणि ते बरोबरच आहे. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सींचा आदल्या वर्षाचा डेटा बाहेर आला तेव्हा परवाना नंबर साध्या एमडी५ हॅशने (ठरलेल्या सूत्राने काढलेल्या सांकेतिक अक्षरांनी) झाकले होते, नंबरांचे प्रकारच मोजके असल्यामुळे लोकांनी सगळी जुळवाजुळव करून ते उघडे पाडले. त्यामुळे आता बदललेला नंबर रोज नवीन असू शकतो. रोज नवीन असेल तर एका दिवसातले टॅप जोडता येतील, पण आजचा माणूस आणि कालचा माणूस एकच आहे का हे कधीच कळणार नाही, आणि "नियमित प्रवाशांच्या सवयी" हा तुमचा विषय तिथेच संपला. मला हे दीड वर्ष काम केल्यावर आलेल्या मुलाला सांगावं लागलंय. तेव्हा अर्ज करताना लेखी विचारा: नंबर किती दिवस तोच राहतो, उतरण्याची नोंद आहे का, एका तिकिटावर किती माणसं हा कॉलम आहे का, पासवाल्यांची नोंद होते का, आणि त्याच तारखांचा गाड्यांचा जीपीएस डेटा मिळेल का.