लांब वाघीण आणि घरातलं वळण

अमेरिकेत नव्या मोटारी वाहून नेणारी ‘ऑटोरॅक’ ही बंदिस्त वाघीण (मालगाडीचा डबा) साधारण 89 फूट, म्हणजे 27 मीटर लांब असते. मॉडेल रेल्वेच्या ‘एचओ’ प्रमाणात सगळं 87 पट लहान होतं, तेव्हा ती 31 सेंटिमीटर भरते. तळघरात रूळ मांडणाऱ्या हौशी माणसाला अशा वाघिणींची आख्खी मालगाडी हवी असते. रुळांवर ठेवली की मात्र ती वळणावर घसरते.

वाघिणीत खोट नसते. घरी येताना गाडी 87 पट लहान होते, वळण मात्र त्याहून कितीतरी जास्त आक्रसतं. सुरुवातीच्या संचांत नेहमी मिळणाऱ्या वळणाची त्रिज्या 18 इंच, म्हणजे 46 सेंटिमीटर असते. खऱ्या जगात ती 40 मीटर होईल. आपल्या ब्रॉडगेजवर अगदी तीव्र वळणालाही 175 मीटर त्रिज्या लागते. तेवढं वळण एचओमध्ये उतरवायचं, तर गाडी फिरवून परत आणायलाच चार मीटर रुंद खोली हवी!

वाघीण दोन बोग्यांवर, म्हणजे चाकांच्या फिरत्या गाड्यांवर, टेकलेली असते. बोग्या रुळांबरोबर वळतात, वरचा सांगाडा ताठच राहतो. त्यामुळे वाघिणीचा मध्य वळणाच्या आत सरकतो आणि टोकं बाहेर जातात. मध्य किती सरकेल? दोन बोग्यांमधल्या अंतराचा वर्ग करा आणि त्याला त्रिज्येच्या आठपटीने भागा. सगळी मेख त्या वर्गात आहे, कारण अंतर दुप्पट झालं की सरकणं चौपट होतं. जुन्या 40 फुटी वाघिणीचा मध्य एचओच्या त्या 18 इंची वळणावर जेमतेम 3 मिलिमीटर सरकतो. ऑटोरॅकचा जवळजवळ 15 मिलिमीटर सरकतो, शिवाय तिची टोकं 12 मिलिमीटर बाहेर जातात. शेजारच्या दोन रूळमार्गांच्या मध्यांत 50 मिलिमीटर अंतर असेल आणि वाघीण 35 मिलिमीटर रुंद असेल, तर समोरासमोर आलेल्या दोन ऑटोरॅक एकमेकींना घासणारच.

घसरण्याचं कारण बहुधा वाघिणी जोडणाऱ्या कपलिंगमध्ये सापडतं. लांब वाघिणीचं टोक बाहेर गेलेलं, शेजारच्या आखूड वाघिणीचं जवळपास जागेवर. कपलिंगला तेवढं आडवं फिरता आलं नाही, तर ते चाकं रुळाबाहेर ढकलतं. इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणात हे दुपटीने जाणवतं. म्हणून दोन उलट वळणांमध्ये निदान सर्वांत लांब वाघिणीएवढा सरळ रूळ ठेवावा. वजनही हवं: अमेरिकेतल्या एनएमआरए या हौशी संघटनेच्या शिफारशीनुसार 12 इंची वाघीण सुमारे 200 ग्रॅमची असावी. हलकी वाघीण इंजिनाजवळ जोडली, तर मागच्या गाडीच्या ओढीने ती वळणाच्या आत कलंडते. आणि त्रिज्या? वाघिणीच्या लांबीच्या तिप्पट, हा अनुभवी मंडळींचा ठोकताळा मला सर्वांत भरवशाचा वाटतो. ऑटोरॅकसाठी तो 93 सेंटिमीटर येतो.

खऱ्या रेल्वेलाही या भूमितीतून सुटका नाही. अवजड यंत्रं नेणाऱ्या ‘श्नाबेल’ वाघिणीत ते यंत्रच दोन अर्ध्या भागांमधला पूल बनतं. अमेरिकेतल्या सीईबीएक्स 800 या अजस्र श्नाबेलला 36 आस, म्हणजे चाकांच्या 36 जोड्या आहेत. वळणावर मध्ये लटकणारं ओझं आत सरकून खांबाला किंवा फलाटाला लागेल असं दिसलं, की हायड्रॉलिक यंत्रणेने ते बाजूला सरकवून वाट काढली जाते.