फीटल सर्जरी आणि मेंढरं

फीटल सर्जरी म्हणजे बाळ आईच्या पोटात असतानाच त्याच्यावर केलेलं ऑपरेशन. ऐकायला भारी वाटतं पण यातली खरी गोम वेगळीच आहे, टेबलावर एकाच वेळी दोन पेशंट असतात आणि त्यातली आई तर बहुतेक वेळा ठणठणीत असते, तिला स्वतःला फायदा काहीच नाही, धोका मात्र पूर्ण. म्हणूनच बाईच्या पोटाला हात लावायच्या आधी हे सगळं जनावरांवर करून बघितलं गेलं, आणि सगळ्यात जास्त कामाला आली ती मेंढी.

मेंढीच का, तर सांगोला-मंगळवेढ्याकडचा कुठलाही धनगर सांगेल की मेंढी पाच महिन्यांत विते आणि बऱ्याचदा एकच कोकरू देते. म्हणजे पोटातलं कोकरू बऱ्यापैकी मोठं, सर्जनच्या हाताला येण्याएवढं, आणि मुख्य म्हणजे मेंढीची पिशवी शांत असते, कापून शिवली तरी लगेच कळा सुरू होत नाहीत.

यातला सगळ्यात भारी प्रयोग फुग्याचा. काही बाळांच्या छाती आणि पोटामधल्या पडद्याला जन्मतःच भोक असतं, त्यातून आतडी वर छातीत चढतात आणि फुफ्फुसाला वाढायला जागाच उरत नाही (डायफ्रॅगमॅटिक हर्निया). आता वेळेत दाब काढला तर फुफ्फुस वाढेल का, हे कसं बघायचं? सॅन फ्रान्सिस्कोत मायकल हॅरिसन आणि त्यांच्या टीमने पोटातल्या कोकराच्या छातीत सिलिकॉनचा फुगा बसवला आणि तो हळूहळू फुगवत नेला. फुगा तसाच ठेवलेली कोकरं जन्मल्यावर श्वासाविना गेली, आणि ज्यांचा फुगा १२० दिवसांच्या सुमारास रिकामा केला त्यांची फुफ्फुसं वाढली आणि ती जगली. हे १९८० चं काम.

पण मेंढीला जमलं म्हणून बाईला जमेल असं नाही ना, बाईची पिशवी जरा डिवचली तरी आवळायला लागते. म्हणून मग माकडिणी, त्यांची पिशवी माणसासारखीच चिडकी. भूल कोणती द्यायची, कळा थांबवायची औषधं किती द्यायची, पिशवी बंद कशी करायची हे तिथे शिकले. पिशवीच्या कडेला मारलेल्या मेटलच्या स्टेपल्स आत राहिल्या की तांबी बसवल्यासारखं होऊन पुढचा गर्भच राहीना, म्हणून आपोआप विरघळणाऱ्या स्टेपल्स बनवल्या. माझ्या मते या सगळ्या संशोधनातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कारण इथे बाळाचा नाही तर आईच्या पुढच्या आयुष्याचा विचार झाला.

१९८१ मध्ये हॅरिसन यांनी पिशवी उघडून माणसाच्या बाळावर पहिलं ऑपरेशन केलं, बाळाची लघवीची वाट अडली होती. आई सुखरूप राहिली, बाळ मात्र जन्मल्यावर वाचलं नाही. हर्नियाचं तर अजून वाईट झालं, कोकरांत इतकं छान जमलेलं पोटातच भोक शिवायचं काम माणसात टिकलंच नाही, लिव्हर छातीत चढलेलं असेल तर ते खाली ओढताना नाळेची रक्तवाहिनी पिळली जायची. मग उलटा विचार झाला, भोक राहू दे, बाळाची श्वासनलिकाच काही आठवडे बंद ठेवू म्हणजे आतलं पाणी साठून फुफ्फुस ताणलं जाईल आणि वाढेल. हेही आधी कोकरांतच बघितलं. २०२१ मध्ये आलेल्या मोठ्या ट्रायलमध्ये गंभीर केसेसमधली ४० टक्के बाळं वाचली, नुसती वाट बघितलेल्यांत १५ टक्के. पाठीचा मणका उघडा राहणाऱ्या स्पायना बिफिडाचंही तसंच, पोटातच तो झाकला तर फायदा होतो हे १९९५ ला कोकरांत सिद्ध झालं आणि २०११ मध्ये माणसांतले आकडे आले, डोक्यात शंट (साठलेलं पाणी काढून टाकायची नळी) बसवायची गरज ८२ वरून ४० टक्क्यांवर. मात्र पिशवी उघडलेल्या बाईचं पुढचं प्रत्येक बाळंतपण सिझेरियनच.

सोलापुरात पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत असं काही दिसलं की नातेवाईक पुण्या-मुंबईची नाहीतर हैदराबादची गाडी धरतात, पण मेंढरांच्या संशोधनातली एक गोष्ट मात्र इथे कधीच पोचली आहे आणि तिला ऑपरेशनही लागत नाही. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स मेंढीला कळा कशाने सुरू होतात ते शोधत होते, त्यासाठी पोटातल्या कोकराला स्टेरॉइड दिलं तर ते जगूच नये इतक्या लवकर जन्मलं आणि तरी श्वास घेत होतं. हे १९६९ चं, आणि रॉस हॉवी यांच्यासोबतची माणसांवरची ट्रायल १९७२ ची. आज दिवस भरायच्या आधी कळा आलेल्या बाईला सरकारी दवाखान्यात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात ते यातूनच आलं: २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान, ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं, दर १२ तासांनी एक.