जुळतंय म्हणजे खरं का? गुप्तचरवाले लफडी आणि युद्धं कशी बघतात

एखादं राजकीय लफडं बाहेर आलं की आपण सगळे एकच काम करतो, गोष्ट पुरी करतो. कोण कोणाबरोबर होतं, पैसे कुठून आले, मागे हात कोणाचा, आणि अर्ध्या तासात आपल्याकडे सुरुवात-मध्य-शेवट सगळं तयार. ज्यांचा धंदाच गुप्त माहितीचा आहे ते लोक मात्र ही गोष्ट पुरी व्हायच्या आतच तिला अडवायला बघतात, म्हणजे निदान त्यांना शिकवलं तरी तसं जातं, प्रत्यक्षात तेही माणसंच असल्यामुळे किती वेळा तोंडावर आपटलेत ते पुढे येईलच.

१९६३ चं प्रोफ्यूमो प्रकरण घ्या. जॉन प्रोफ्यूमो ब्रिटनचे युद्धमंत्री, त्यांचे क्रिस्टीन कीलर नावाच्या तरुणीशी संबंध, आणि तिची ओळख लंडनच्या सोव्हिएत दूतावासातल्या येवगेनी इव्हानोव्ह या नौदल अधिकाऱ्याशीही. मार्चमध्ये मंत्र्यांनी संसदेत सांगितलं की तसं काही नाही, जूनमध्ये राजीनामा दिला. पेपरवाल्यांना वर्षभर पुरेल एवढा मसाला. पण एमआय५ या ब्रिटनच्या अंतर्गत गुप्तचर संस्थेचं लक्ष १९६१ पासूनच होतं आणि ते मंत्र्याच्या बेडरूमवर नव्हतं, इव्हानोव्हवर होतं, हा माणूस फोडून आपल्याकडे वळवता येईल का एवढाच त्यांचा हिशोब. त्यापायीच ऑगस्ट १९६१ मध्ये कॅबिनेट सेक्रेटरींनी, म्हणजे सरकारातल्या सगळ्यात वरच्या अधिकाऱ्याने, प्रोफ्यूमोंच्या कानावर घातलं की बाबा जरा जपून. पुढे न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी चौकशी केली, त्यात देशाची गुपितं फुटल्याचं काही निघालं नाही.

म्हणजे जनतेसाठी जो राजकीय भूकंप होता तो या लोकांसाठी तीन कोरडे प्रश्न होते. माहिती बाहेर गेली का, या माणसावर कोणी दबाव आणू शकतं का, आणि ही बातमी आत्ताच कोणी आणि का सोडली. नैतिकता वगैरे त्यांच्या फाईलमध्ये फारशी नसते. ऐकायला रुक्ष वाटतं पण मला तरी त्यात एक प्रकारचा मोकळेपणा वाटतो, रागावल्याशिवाय विचार करता येतो.

तिसरा प्रश्न सगळ्यात फसवा. वॉटरगेटच्या वेळी, म्हणजे ज्या लफड्यात अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन गेले तेव्हा, पत्रकारांना गुपचूप माहिती पुरवणारा माणूस मार्क फेल्ट होता, एफबीआयमधला दोन नंबरचा अधिकारी, हे २००५ साली उघड झालं. १९७२ च्या मे महिन्यात एफबीआयचे प्रमुख हूवर वारले आणि त्यांच्या खुर्चीवर फेल्टना डावलून बाहेरचा माणूस आणून बसवला होता. आता म्हणा की जळफळाटातून बोलला! असेलही. पण त्याने दिलेली माहिती तर खरी निघाली ना. बोलणाऱ्याचा हेतू आणि बोलण्यातला खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण रोजच्या वादात नेमकं हेच एकत्र कालवतो, तो अमक्या पक्षाचा आहे म्हणजे खोटंच बोलणार, विषय संपला.

यावर लष्करी गुप्तचरांनी एक साधी युक्ती काढलेली आहे, नाटो देशांत अजून चालते. प्रत्येक बातमीला दोन मार्क द्यायचे. सोर्स किती भरवशाचा त्यासाठी ए ते एफ अशी अक्षरं, आणि माहिती स्वतः किती पटण्यासारखी त्यासाठी १ ते ६ आकडे. एकदम खात्रीचा माणूससुद्धा ऐकीव गोष्ट सांगू शकतो, तेव्हा अक्षर चांगलं पडतं पण आकडा वाईट. अट्टल थापाड्याचं बोलणं तीन इतर ठिकाणांहून खरं निघालं तर उलटं. आणि एफ किंवा ६ याचा अर्थ 'खोटं' असा नाही, त्याचा अर्थ 'ठरवता येत नाही'. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करताना ही सहावी पायरी वापरायची ठरवली तर ग्रुप आठवडाभर शांत पडेल.

तरी हीच मंडळी फसतात. इराकवर हल्ला करायच्या आधी चाकांवरच्या जैविक प्रयोगशाळांची जी कथा होती ती मुख्यतः 'कर्व्हबॉल' टोपणनावाच्या एका इराकी निर्वासिताची. तो जर्मनांच्या ताब्यात, अमेरिकनांना त्याला समोर बसवून नीट खोदून विचारायला मिळालंच नाही, आणि तरी ५ फेब्रुवारी २००३ ला ती कथा थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पोचली. २०११ मध्ये त्याने स्वतःच कबूल केलं की थापा मारल्या.

अजून एक गंमत म्हणजे एकाच विहिरीचं पाणी दोन बादल्यांत. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या 'पॅट्रियट' पेपरात एक निनावी पत्र छापून आलं, एड्सचा विषाणू अमेरिकेने प्रयोगशाळेत बनवला म्हणून. दोन वर्षांनी एका सोव्हिएत साप्ताहिकाने तोच आरोप केला आणि आधार कशाचा दिला, तर त्या भारतीय पेपराचा. मूळ उद्योग सोव्हिएत गुप्तचर संस्था केजीबीचाच होता. वाचणाऱ्याला वाटतं दोन देशांतून दोन बातम्या आल्या, म्हणजे तथ्य असणार, आणि विहीर एकच. म्हणून विश्लेषक बातम्या मोजत नाहीत, बातम्यांचे उगम मोजतात.

'फायदा कोणाचा झाला ते बघा म्हणजे गुन्हेगार सापडेल' हे वाक्य तर आपण दिवसातून चारदा ऐकतो. त्यावर उतारा म्हणून गियोम प्रकरण सांगतो. पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर विली ब्रँट यांच्या कार्यालयातला गुंटर गियोम हा पूर्व जर्मनीचा हेर निघाला, एप्रिल १९७४ मध्ये पकडला, मे महिन्यात ब्रँट गेले. पूर्व जर्मनीचा डाव किती यशस्वी, असंच वाटणार! पण ब्रँट हे पूर्वेकडच्या देशांशी जुळवून घेणारे नेते, ते टिकणं पूर्व जर्मनीला हवं होतं, इतकं हवं होतं की १९७२ मध्ये त्यांच्यावर अविश्वास ठराव आला तेव्हा तो पाडायला पूर्व जर्मनीच्या गुप्तचर खात्याने विरोधी खासदाराचं मत पैसे देऊन विकत घेतलं होतं. त्या खात्याचे प्रमुख मार्कुस वोल्फ यांनी नंतर मान्यही केलं की ब्रँटना घालवणं ही आमची चूक झाली. परिणामावरून हेतू काढायला गेलं की असं होतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली तरी कावळ्याने कट केला होता असं नाही.

आता यातला खरा विज्ञानाचा भाग. आपला मेंदू पुरावा तपासत नाही, तो आवडलेल्या उत्तराला पुरावे चिकटवतो, याला कन्फर्मेशन बायस म्हणतात, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. सीआयएतल्या रिचर्ड्स ह्यूअर यांनी १९७० च्या दशकात यावर एक तक्ता बनवायची पद्धत काढली. वर आडवी सगळी शक्य उत्तरं लिहायची, न आवडणारीसुद्धा, डावीकडे उभे पुरावे, आणि प्रत्येक चौकटीत एवढंच विचारायचं की हे उत्तर खरं असतं तर हा पुरावा दिसला असता का. मग ज्या उत्तराला जास्त टेकू मिळाले ते निवडायचं नाही, ज्याच्या विरोधात सगळ्यात कमी निघालं ते ठेवायचं. जो पुरावा सगळ्याच उत्तरांना जुळतो तो कितीही सनसनाटी असला तरी त्याची किंमत शून्य. ताप आलाय एवढ्यावरून डॉक्टर आजार सांगत नाही, कारण ताप पन्नास आजारांत येतो, तसंच.

हे ऑक्टोबर १९७३ वर लावून बघा. इजिप्तचं सैन्य सुएझ कालव्याजवळ जमत होतं. इस्रायलच्या लष्करी गुप्तचर खात्याचं पक्कं मत होतं की लांब पल्ल्याची विमानं आणि स्कड क्षेपणास्त्रं हाताशी आल्याशिवाय इजिप्त लढणार नाही आणि इजिप्तशिवाय सीरिया लढणार नाही. या समजुतीला तिथे 'कन्सेप्शन' असंच नाव पडलं. सैन्य जमतंय? सराव चालू आहे. पूल बांधायचं सामान पुढे आलंय? सरावच तो. आता तक्त्यात टाका, सैन्य जमणं हे सरावालाही जुळतं आणि युद्धालाही, म्हणजे त्यातून काहीच ठरत नाही. पण ४ ऑक्टोबरच्या रात्रीपासून सोव्हिएत संघाने इजिप्त आणि सीरियातून आपल्या सल्लागारांची बायकामुलं विमानांनी हलवायला सुरुवात केली. सरावासाठी कोण आपली लेकरं उचलून नेतं? हा एकच पुरावा असा होता जो एका रकान्यात बसत होता आणि दुसऱ्यात अजिबात बसत नव्हता, आणि तोसुद्धा ढिगाऱ्यात एक म्हणून मोजला गेला. बिन्यामिन सिमान-तोव्ह नावाच्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याने तर १ आणि ३ ऑक्टोबरलाच लिहून दिलं होतं की हा सराव म्हणजे हल्ल्याचं पांघरूण असू शकतो, तो कागद वरच्यांनी पुढे जाऊच दिला नाही. ६ तारखेला दुपारी दोन वाजता हल्ला झाला.

पण इथे आपण पश्चातबुद्धीचे शहाणे आहोत हेही लक्षात ठेवा. त्याच वर्षी मे महिन्यात अशीच हूल उठली होती, लष्कराने तयारीवर भरपूर खर्च केला आणि काहीच झालं नाही, 'युद्ध होणार नाही' म्हणणारं खातं बरोबर ठरलं. लांडगा आला रे च्या गोष्टीत आपण नेहमी पोराला दोष देतो, गावकऱ्यांची अडचण कोणी बघत नाही.

युद्धांच्या बाबतीत अजून एक फरक ही माणसं करतात, गुपित आणि कोडं यांतला. गुपित कुठेतरी कुलुपात असतं, कोणीतरी ते चोरू शकतं. कोड्याचं उत्तर मात्र अजून जन्मालाच आलेलं नसतं. २०२२ मध्ये रशियाची फौज कुठे आहे, योजना काय आहे ही गुपितं होती, अमेरिकनांनी ती मिळवली आणि हल्ला होणार हे आधीच जगाला ओरडून सांगितलं. युक्रेनची माणसं किती चिवट लढतील हे कोडं होतं, तिथे त्यांचाच अंदाज चुकला, कीव्ह काही दिवसांत पडेल असं वाटत होतं. फ्रेंचांचं उलट झालं, त्यांनी हिशोब मांडला की एवढी किंमत मोजून पुतीन हल्ला करणार नाहीत, आणि हिशोब तसा वाईट नव्हता, फक्त तो पॅरिसमध्ये बसून केलेला होता. आपल्यावरून जग ओळखायला गेलं की असं होतं. महिनाभरात त्यांच्या लष्करी गुप्तचर प्रमुखांना खुर्ची सोडावी लागली.

अशी माहिती उघड करायचीही किंमत असते. कारगिलच्या वेळी, २६ मे १९९९ ला पाकिस्तानचे लष्करप्रमुख मुशर्रफ बीजिंगमध्ये होते आणि रावळपिंडीतल्या लेफ्टनंट जनरल अझीझ यांच्याशी फोनवर बोलले, ते बोलणं भारताने टिपलं आणि ११ जूनला टेप जगापुढे ठेवली. 'हे मुजाहिदीन आहेत, आमचं सैन्य नाही' या दाव्यातली हवाच गेली. पण ती लाईन ऐकली जातेय हेही पाकिस्तानला कळलं. आपल्याला वाटतं सरकारकडे पुरावा आहे तर दाखवत का नाही, आणि आत बसलेला माणूस मोजत असतो की दाखवला तर उद्यापासून ऐकू काय येईल.

शेवटचा घोळ शब्दांचा. १९५१ मध्ये सीआयएच्या एका अहवालात लिहिलं होतं की सोव्हिएत गोटाकडून युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची 'गंभीर शक्यता' आहे. परराष्ट्र खात्यातल्या एकाने सहज विचारलं, गंभीर म्हणजे किती हो? तो अहवाल काढणाऱ्या कार्यालयातले शर्मन केंट, मूळचे येलचे इतिहासाचे प्राध्यापक, म्हणाले शंभरात ६५. विचारणारा चाट पडला, त्याने खूपच कमी धरलं होतं. मग केंटनी आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं, ज्यांनी मिळून तो शब्द मंजूर केला होता, तर उत्तरं २० पासून ८० पर्यंत! तेव्हापासून केंट शब्दांना आकडे जोडायच्या मागे लागले, आणि त्यांचे सहकारी दोन गटांत पडले, केंटनीच दिलेली नावं म्हणजे गणितवाले आणि कवी. आज अमेरिकन यंत्रणांत 'लाइकली' म्हणजे ५५ ते ८० टक्के असं लेखी ठरलेलं आहे. तरी २०११ मध्ये ॲबटाबादच्या घरात लादेन आहे का यावर एकाचं उत्तर ४० टक्के आणि दुसऱ्याचं ९५. सीआयएचे उपप्रमुख मायकल मोरेल ६० म्हणाले आणि वर ओबामांना हेही सांगितलं की इराककडे महासंहारक शस्त्रं असल्याचे परिस्थितीजन्य पुरावे याच्यापेक्षा भक्कम होते.

आणि आकड्यांचे गुरू केंट? १९ सप्टेंबर १९६२ ला त्यांच्याच कार्यालयाने लिहून दिलं की सोव्हिएत संघ क्युबात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं ठेवेल असं वाटत नाही. १४ ऑक्टोबरला यू-२ या अमेरिकन हेरगिरीच्या विमानाने फोटो काढले, क्षेपणास्त्रं तिथे होतीच. दोन वर्षांनी केंटनी त्यावर लेख लिहिला आणि मुद्दा काय मांडला, तर अंदाज आमचा चुकला नाही, चुकले सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह, त्यांनी असा वेडेपणा करायलाच नको होता.