डी अँड डीमधलं अलाइनमेंट: तीन याद्यांपासून नऊ चौकटींपर्यंत, आणि त्यापुढे

अंधेरी-वांद्र्याच्या बोर्डगेम कॅफेत असो की दादरला कुणाच्या हॉलमध्ये, डी अँड डीचं (डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे एकेक पात्र घेऊन फाशांवर खेळायच्या साहसखेळाचं) नवं कॅम्पेन सुरू होताना कॅरेक्टर शीटवरचा, म्हणजे पात्राच्या माहितीपत्रकावरचा, अलाइनमेंटचा रकाना (पात्र लॉ म्हणजे व्यवस्था की केऑस म्हणजे अंदाधुंद, गुड म्हणजे चांगलं की ईव्हिल म्हणजे दुष्ट, की मधलं न्यूट्रल) सगळ्यात पटकन भरला जातो आणि पुढे भांडणं त्याच्यावरूनच होतात. पॅलडिन (शपथेला बांधलेला धर्मयोद्धा) खेळणाऱ्याला वाटतं, लॉफुल गुड म्हणजे बाकीच्यांना आवरायची जबाबदारी आपली. शेजारचा केऑटिक न्यूट्रल ‘रोग’, म्हणजे चोर, पार्टीतल्या सोबत्यांच्याच थैल्या कापतो आणि ‘माझं कॅरेक्टर असंच वागणार’ म्हणून मोकळा होतो. दोघांकडेही नियमाचा आधार असतो, फक्त तो वेगवेगळ्या काळातला असतो. या एका रकान्याने पन्नास वर्षांत तीन निराळी कामं केली: लढाईतली बाजू सांगितली, माणसाचा स्वभाव सांगितला आणि मंत्र-शस्त्रांचे नियम चालवले. आपल्या टेबलावर यातलं नेमकं कुठलं काम चालू आहे, हे बहुतेक वेळा कुणी ठरवलेलंच नसतं.

सुरुवात बाजूपासून झाली. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी 1971 मध्ये ‘चेनमेल’ हे छोट्या सैनिक-बाहुल्यांच्या लढायांचं नियमपुस्तक काढलं. त्याच्या फँटसी पुरवणीत लॉ, न्यूट्रल आणि केऑस अशा तीन याद्या होत्या. कोणत्या फौजेत कोणते प्राणी उभे करायचे, एवढंच त्या सांगत. कल्पना आली ती पॉल अँडरसन आणि मायकल मूरकॉक यांच्या कथांमधून. तिथे लॉ आणि केऑस या विश्वाचा ताबा मागणाऱ्या दोन शक्ती आहेत. चांगलं-वाईट हा मुद्दा तेव्हा दुय्यम होता.

गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांची मूळ डी अँड डी 1974 मध्ये आली तेव्हा याच याद्या तिच्यात उतरल्या. खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकाने तीनपैकी एक बाजू घ्यायची. माणसं कुठल्याही बाजूला असू शकत. ऑर्क (राकट लढवय्ये प्राणी) तर न्यूट्रल आणि केऑस अशा दोन्ही याद्यांमध्ये छापलेले होते, म्हणजे ते केऑसच्याच बाजूला बांधलेले नव्हते. ‘ऑर्क जन्मतःच दुष्ट’ ही समजूत मूळ पुस्तकात इतकी घट्ट नव्हती, हे आवर्जून सांगावंसं वाटतं. प्रत्येक बाजूची स्वतंत्र भाषाही होती. आज ती विचित्र वाटते, पण दोन छावण्यांची लढाई डोळ्यांसमोर आणली की परवलीच्या बोलीसारखी तिची सोय कळते.

स्वभावाचा प्रश्न पॅलडिनने आणला. 1975 च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत हा वर्ग आला. करिश्मा (व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाचा आकडा) किमान 17 हवा आणि वागणं कायम लॉफुल. एक केऑटिक कृत्य केलं की पॅलडिनपद कायमचं गेलं. आता टेबलावर कुणीतरी न्यायाधीश होणं भाग होतं, आणि ते काम डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरच्या, गळ्यात पडलं. फेब्रुवारी 1976 मध्ये गायगॅक्स यांनी ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या टीएसआरच्या (तेव्हा डी अँड डी काढणाऱ्या कंपनीच्या) नियतकालिकात लेख लिहून लॉ-केऑसच्या आडव्या रेषेला गुड-ईव्हिलची उभी रेषा जोडली आणि प्राण्यांना त्या आलेखावर जागा दिल्या. 1977 च्या बेसिक संचात पाच अलाइनमेंट होती, 1978 च्या अॅडव्हान्स्ड डी अँड डीच्या प्लेयर्स हँडबुकमध्ये नऊ. इंटरनेटवरच्या मीममधल्या नऊ चौकटी इथल्या.

पुढच्याच वर्षीच्या डंजन मास्टर्स गाइडने खरी गडबड केली. डीएमने प्रत्येक कॅरेक्टरच्या वागण्याचा आलेख ठेवायचा, बिंदू सरकत सरकत दुसऱ्या चौकटीत गेला की एक लेव्हल (पात्राच्या ताकदीची पायरी) कापायची. खेळाडूला हिशोब कळायचा तो लेव्हल गेल्यावर. अलाइनमेंटवरून मैत्री तुटल्याच्या जुन्या गोष्टींचं मूळ मला या तरतुदीत दिसतं.

एकच प्रसंग वेगवेगळ्या आवृत्त्यांत लावून बघा. शरण आलेल्या गॉब्लिनला पॅलडिनने जीवदानाचा शब्द दिलाय आणि रात्री पार्टीतल्या चोराने त्याचा गळा कापला. 1978 च्या नियमात पॅलडिनने स्वतः काही केलेलं नसलं तरी तो फक्त गुड लोकांच्या संगतीत राहू शकतो. ईव्हिल नसलेले न्यूट्रल सोबती चालतात, तेही एकेका मोहिमेपुरते. म्हणजे चोराच्या शीटवर ईव्हिल लिहिलं गेलं की पार्टीच फुटते. गळा पॅलडिनने जाणूनबुजून कापला असता तर पद कायमचं जातं. कृत्य फक्त केऑटिक ठरलं तर सातव्या किंवा वरच्या लेव्हलच्या लॉफुल गुड क्लेरिकपुढे (पुजारी पात्रापुढे) कबुली आणि प्रायश्चित्त. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत पॅलडिनला अलाइनमेंटची अटच नाही. डीएमने एवढंच बघायचं की घेतलेली शपथ मोडली का.

मधल्या काळात बाकीचे खेळ निराळ्या वाटांनी गेले. 1978 च्या रूनक्वेस्टने अलाइनमेंट घेतलंच नाही. तिथे पंथ आणि त्याची बंधनं माणसाला बांधतात. 1985 च्या पेंड्रॅगनमध्ये परस्परविरोधी गुणांच्या तेरा जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडीची बेरीज 20. दया 14 असेल तर क्रूरता 6, आणि मोह पडला की त्यावर फासा टाकायचा. स्वभाव खेळवायचा याहून नेटका मार्ग माझ्या माहितीत नाही.

डी अँड डीमध्ये मात्र 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत अलाइनमेंट यंत्रणेत खोलवर गेलं. डिटेक्ट ईव्हिल मंत्र 60 फुटांपर्यंत चालायचा: पहिल्या फेरीत दुष्टतेचं अस्तित्व, दुसऱ्या फेरीत किती जण आणि त्यातला सगळ्यात प्रबळ किती जोरदार, तिसऱ्या फेरीत प्रत्येकाची जागा. पॅलडिनला तो हवा तितक्या वेळा मिळायचा. खुनाचा तपास असलेलं अॅडव्हेंचर त्यामुळे तीन फेऱ्यांत झोपायचं. 2008 मध्ये नऊच्या पाच चौकटी झाल्या, 2014 मध्ये नऊ परत आल्या, पण दात उपटून. डिटेक्ट ईव्हिल अँड गुड आता 30 फुटांत सैतानी, दैवी, मृत-जिवंत असे प्राण्यांचे प्रकार सांगतो. दुष्ट नगरशेठ त्यात सापडत नाही.

उरलेल्या दातांपैकी एक आपल्या ओळखीचा आहे. राक्षस हा प्राणी 1977 च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये आहे: वाघाचं तोंड, लॉफुल ईव्हिल, आणि आशीर्वाद दिलेल्या क्रॉसबोच्या बाणाने मरणारा. 2014 मध्ये त्याची कमजोरी म्हणजे गुड व्यक्तीच्या हातातलं टोकदार जादुई शस्त्र, म्हणजे तिथे शीटवरचा शब्द खरोखर नुकसान वाढवतो. 2025 च्या पुस्तकात ती अट पुन्हा ब्लेस (आशीर्वाद) मंत्रावर गेली. आपल्याकडे मात्र बिभीषण लहानपणापासून ऐकलेला असतो, त्यामुळे अख्ख्या जातीला एक चौकट देणं मराठी टेबलावर तसंही फार वेळ टिकत नाही. 2020 मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या डी अँड डीच्या आताच्या कंपनीनेही ऑर्क आणि ड्राउ (काळे एल्फ) यांच्या चित्रणात बदल जाहीर केले. पाथफाइंडर या डी अँड डीसारख्याच खेळाने 2023 च्या सुधारित आवृत्तीत अलाइनमेंट काढूनच टाकलं. त्याजागी काय करायचं आणि काय कधीच करायचं नाही, अशा दोन याद्या ठेवल्या.

जुनं साहित्य पाचव्या आवृत्तीत चालवणाऱ्यांनी एक तपासावं. 1981 च्या बेसिक संचात तीनच अलाइनमेंट आहेत आणि तिथे केऑटिकचा अर्थ बहुतेक वेळा दुष्ट असाच आहे. त्या काळच्या मॉड्यूलमधल्या (छापील तयार साहसातल्या) पुजाऱ्यापुढे केऑटिक लिहिलेलं दिसलं आणि डीएमने त्याला मनमौजी म्हणून रंगवलं, तर गद्दारीचा सगळा धागा वाया जातो.

कॅफेत तीन-चार तासांचं टेबल आणि त्यात निम्मे अनोळखी, अशा वेळी पाथफाइंडरची पद्धत उसनी घेणं सोयीचं पडतं. सेशन झिरोला (खेळाआधीच्या ठरवाठरवीच्या बैठकीत) प्रत्येकाने कार्डावर दोन ओळी लिहायच्या: माझं कॅरेक्टर कशासाठी जीव धोक्यात घालेल, आणि काय कधीच करणार नाही. ‘न्यायप्रिय आहे’ असलं लिहिलं तर परत द्यायचं. ‘शरण आलेल्याला मारणार नाही’ हे चालेल. कार्डं सगळ्यांना दिसतील अशी ठेवायची. कुणी स्वतःच्या ओळीविरुद्ध जात असेल तर डीएमने फासे पडायच्या आधी विचारायचं, ‘हे तुझ्या शपथेविरुद्ध जातंय, करायचंच ना?’ हो म्हटलं तर परिणाम लगेच सांगायचा. आणि पार्टीतल्यांच्या थैल्या कापायच्या की नाही, हा प्रश्न कार्डावर ठेवायचाच नाही. तो खेळाडूंनी आपापसात, कॅरेक्टर बाजूला ठेवून, पहिल्याच दिवशी मिटवायचा.